नव्या लॅपटॉपची चार दिवसांची वही

शुक्रवार, रात्री ९

खोकं उघडलं. पंधरा इंची गेमिंग लॅपटॉप, आरटीएक्स ४०६० (एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड), १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. पावती, खोकं आणि लॅपटॉपचं पोट, तिन्हीकडचा सिरियल नंबर जुळतो.

आज गेम टाकायचा नाही, फक्त तपासणी. दुकानातून बदलून मिळायची मुदत फार तर थोड्या दिवसांची असते. ती उलटली की सर्व्हिस सेंटर गाठायचं, आणि तिथे होते ती दुरुस्ती.

दिवे मालवून स्क्रीनवर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे सपाट रंग एकेक करून पूर्ण पडदाभर पाहिले. मेलेला ठिपका प्रत्येक रंगात काळाच राहतो, अडकलेला ठिपका एकाच रंगात पेटून राहतो. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात उजेड दिसला तर डोकं हलवून पाहायचं. उजेड जागा बदलत असेल तर तो आयपीएस जातीच्या पडद्याचा स्वभाव, आहे तिथेच राहत असेल तर पॅनल नीट बसलेलं नाही.

विंडोजमधल्या पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढून ठेवला. मूळ क्षमता आणि पूर्ण चार्जची क्षमता हे दोन्ही आकडे नव्या बॅटरीत जवळपास सारखे हवेत.

५१२ जीबीच्या जागी ४७६ दिसतात, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. स्क्रीन मात्र ६० हर्ट्झवरच होती, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं. १४४ चे पैसे मोजून महिनोन्महिने ६० वर खेळणारे कमी नसावेत. डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, रिफ्रेश रेट: एवढंच काम.

शनिवार

पोहे-जिलेबी आटोपून अपडेट. विंडोजचे अपडेट एका फेरीत संपत नाहीत, ‘आता काही नाही’ असं म्हणेपर्यंत रिस्टार्ट करत राहायचं. त्यानंतर बायोस (विंडोजच्या आधी यंत्र जागं करणारं सॉफ्टवेअर), पण त्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शनची, म्हणजे डिस्कवरच्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवायची. बायोस बदलला की सुरक्षा चिपला यंत्र ओळखीचं वाटेनासं होतं आणि विंडोज सुरू होताना ती की मागू शकतं. की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण नेमका तेव्हा खात्याचा पासवर्ड आठवत नाही.

वहीचा नियम: एका वेळी एकच बदल, मग अर्धा तास चालवून नोंद. ड्रायव्हर, बायोस, पॉवर मोड सगळं एकदम बदललं की कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं, दोन्ही कळत नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून. जुन्या ड्रायव्हरचे अवशेष नडत असतील तर सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर समूळ काढणारं सॉफ्टवेअर) चालवायचं, पण आधी नेट बंद करून. नेट चालू राहिलं तर तुम्ही नवा ड्रायव्हर टाकायच्या आत विंडोज स्वतःचा बसवून मोकळं होतं.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे दोनपैकी एकच स्लॉट भरलेले. १६ जीबीची एकच पट्टी म्हणजे सिंगल चॅनल, मेमरीचा रुंद रस्ता अर्धाच उघडा. सरासरी एफपीएस (गेम सेकंदाला किती चित्रं काढतो तो आकडा) बरे दिसतात, पण गर्दीच्या प्रसंगात गेम अडखळतो आणि दोष ग्राफिक्स कार्डावर जातो. इथे इंदूरला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून दुसरी पट्टी आणायची तर पहिलीचा प्रकार, वेग आणि आकार लिहून न्यावा. डीडीआर५ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाचच वेगळी असते. झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हेही आधी पाहावं.

उघडताना: शट डाउन, चार्जर बाहेर, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून ठेवायचं. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून जिथला स्क्रू तिथेच खोचून ठेवावा. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर वरचं प्लास्टिक फुटतं. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. पट्टी साधारण ३० अंशांत तिरकी सरकवायची आणि दोन्ही क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत खाली दाबायची.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पंखा फिरतो, स्क्रीन काळी. काही मिनिटं तशीच. यंत्र नव्या मेमरीशी जुळवून घेत असतं. घाबरून बटण दाबून बंद केलं की तेच पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं हात लावायचा नाही.

रविवार

दुपारी तीनला बाहेर ४१, खोलीत ३७. गेम दहा मिनिटं छान, मग एफपीएस कोसळले. इथे ताप एकटा पाहून उपयोग नाही, वॅटसुद्धा पाहायचे. सीपीयू ९५ अंशांच्या वर आणि घड्याळाचा वेग उतरलेला, तर दोष उष्णतेचा. ग्राफिक्स चिप ७० च्या आसपास निवांत, पण ४०-५० वॅटच्या वर जातच नाही, तर दोष विजेचा: सायलेंट मोड लागलाय, चार्जर नीट बसलेला नाही किंवा २३० वॅटच्या ॲडॉप्टरऐवजी फोनचा टाइप-सी चार्जर जोडलाय. ४०६० ला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज द्यायची मुभा एनव्हिडिया लॅपटॉप बनवणाऱ्याला देते, म्हणून एकाच नावाची दोन यंत्रं वेगवेगळी धावतात.

इथला मामला उष्णतेचाच. खोली आठ अंशांनी तापली की तेवढ्याच वॅटला चिपही साधारण आठ अंशांनी तापते. आधीच कमाल मर्यादेला टेकलेली चिप आणखी तापू शकत नाही, मग वेग घटतो. रात्री अकराला खिडक्या उघडल्यावर खोली २९, आणि तोच गेम तासभर न अडखळता. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीची, कीर्ती गाणाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नसेल.

दुपारसाठी उपाय: मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचलणं (फुकट, आणि महागड्या कूलिंग पॅडच्या जवळपास काम करतं), एफपीएसला ९० ची मर्यादा, आणि पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के. त्या एका टक्क्याने टर्बो, म्हणजे सीपीयूची जादा वेगाची धाव, बंद होतो आणि सीपीयूचा ताप चांगलाच उतरतो. काही यंत्रांत ही सोय लपवलेली असते. गादीवर ठेवून खेळणं नको. पाण्याच्या कूलरच्या थेट झोतातही नको, तुषार उडतात आणि बोअरिंगच्या पाण्याचे क्षार आत बसतात.

सोमवार

चार्जर लावला की टचपॅडवरचा कर्सर उड्या मारतो, धातूच्या झाकणावर बोट फिरवलं की झिणझिण्या. चार्जर काढला की दोन्ही बंद. यावर लोक टचपॅडचा ड्रायव्हर तीनतीनदा टाकतात. दोष भिंतीत असतो. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे अर्थिंगची तार नसते. ॲडॉप्टरमधले गाळणीचे कपॅसिटर थोडा विद्युतप्रवाह अर्थकडे सोडतात, तो वाट न मिळाल्याने झाकणावर येतो.

मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवेत. इथे ४० वर काटा डुलतोय, म्हणजे तार तुटकी किंवा नाहीच. दोन पिनांचा जोड लावूनही नेमकं हेच होतं.

वायरमन उद्या सकाळी दहाला. तोवर गेम बॅटरीवर, म्हणजे निम्म्या वेगाने.