साडेपाच वजा अडीच

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून फोन आला तेव्हा शाळेच्या आधी रेल्वे वर्कशॉपचा भोंगाच कानात वाजला, काय करणार, कुर्डुवाडीत वाढलेल्या माणसाचं असंच असतं. आमच्या घरात घड्याळ एकच, ते पण वडिलांच्या मनगटावर, म्हणजे ते ड्युटीवर गेले की वेळ सांगायला भोंगा नाहीतर गाडी. मी १९७९ ला दहावी झालो.

गावाचा इतिहास मला पुस्तकातून नाही कळला, गणिताच्या सरांमुळे कळला. एकदा त्यांनी विचारलं, साडेपाच वजा अडीच किती? तीन, सगळे ओरडलो. "या तीन फुटांवर तुमच्या सगळ्यांच्या घरची चूल पेटते," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले. मला ते कळायला घरी जाऊन वडिलांना विचारावं लागलं. मोठ्या लाइनीचे रूळ साडेपाच फुटांवर, बार्शी लाइनीचे अडीच फुटांवर, त्यामुळे इकडचा डबा तिकडे जाणारच नाही, पोतं न् पोतं हमालाने इकडून उतरवून तिकडे चढवायचं. हमाल आले, मग चहावाले, मग क्वार्टर्स, मग आपण!

मोठी लाइन इथे आली १८५९ ला, पुढच्या वर्षी सोलापूरला पोचली. पण बार्शीसारखी कापसाची पेठ बाजूलाच राहिली, म्हणून स्टेशनचं नाव ठेवलं बार्शी रोड, आणि खरी बार्शी इथून पस्तीसेक किलोमीटर लांब (तेव्हा उतरून बैलगाडीच बघायची). मग कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर आला. त्याचं म्हणणं, रूळ हलके टाका पण वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटा, एका आसावर पाच टनांच्या वर नको, म्हणजे छोटी लाइन पण भरपूर माल ओढेल. १८९७ ला बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. हाच माणूस पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवायच्या मागे लागला, हे मला रिटायर झाल्यावर कळलं, शाळेत कळलं असतं तर निबंधात ठोकून दिलं असतं. लाइन विलायतेतल्या कंपनीची होती, सरकारकडे आली १९५४ ला.

आषाढीचं मात्र सांगायलाच पाहिजे. मुंबई-पुण्याकडून वारकरी मोठ्या गाडीने रात्री उतरायचे आणि प्लॅटफॉर्मवरच भजन, कारण छोट्या गाडीत जागा कुठून असणार, मालडब्यात माणसं, टपावर माणसं, गाडी दिसायचीच नाही, नुसती पागोटी आणि पताका सरकतायत असं वाटायचं. आम्ही पोरं बादली आणि तांब्या घेऊन पाणी द्यायला जायचो, खरं कारण म्हणजे गर्दीत इंजिनाच्या अगदी जवळ जाता यायचं आणि कोणी हाकलायचं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात निम्मी पोरं डोळे चोळत. कोळशाची कुसळं हो, झोपेने नाही!

नॅरोगेज, म्हणजे ती अडीच फुटी लाइन, गेलं ते बरंच झालं असं मी म्हणतो, माझे वर्गमित्र यावर अजून भांडतात. बार्शीला जाताना ज्या गाडीच्या बरोबरीने सायकल मारायचो तिला आज कोण बसणार? पंढरपूरची लाइन आधीच मोठी झाली होती, २००८ ला लातूरची पण झाली, आता मुंबईहून बसलेला माणूस लातूरलाच उतरतो, आपल्या गावात त्याला जाग आली तर आली. ते तीन फूट संपले.

मागच्या दिवाळीत मी स्टेशनवर उभा होतो, शेजारी एक म्हातारे गृहस्थ, हमालीतच आयुष्य गेलेलं. लातूरची गाडी आली, दोन मिनिटं थांबली, कोणी पोतं उतरवलं नाही. "बार्शी लाइनीची आली," ते म्हणाले, आणि सवयीने खांद्यावरचा गमजा सरळ केला.