हसायला अर्धा क्षण उशीर

ऑफिसात जेवताना कोणीतरी काहीतरी बोलतं, सगळे हसतात आणि मीही हसते, पण अर्ध्या क्षणाने. भाषेची अडचण नाही, मीटिंगमध्ये मी तासभर बोलते. पण विनोद ज्या लहानपणावर, ज्या जुन्या मालिकांवर उभा असतो, ते माझ्या वाट्याला आलेलंच नाही. परदेशातलं उपरेपण मला असंच भेटलं. वाईट कोणी वागलं नाही. उलट सगळे इतक्या सौजन्याने वागतात की कधीकधी त्याचाच वीट येतो.

घरी फोनवर हे सांगणार तरी कसं? तक्रार करावी असं काही घडलेलंच नसतं.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून परतलेल्या आपल्या देशातल्या लोकांचा अभ्यास केला, तो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने ते दीड वर्ष राहिलेले लोक त्याहून कमी किंवा जास्त राहिलेल्यांपेक्षा कमी रुळलेले निघाले. पुढच्या संशोधकांना रुळण्याचा हा चढउतार सगळ्यांना लागू पडताना दिसला नाही, पण मला तो वाचून हायसं वाटलं. नवलाई ओसरल्यावरच पाय डगमगतात, हे माझ्याबाबतीत तरी खरं होतं.

पार्ट्यांनी काही झालं नाही. दर वेळी नवे चेहरे आणि ‘कुठून आलात?’पासून पुन्हा सुरुवात. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने जवळच्या मैत्रीला साधारण दोनशे तासांचा सहवास लागतो असा अंदाज मांडलाय. मैत्रीचे तास मोजणं मला जरा हास्यास्पदच वाटतं, पण त्यात तथ्य आहे. तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटावी लागतात.

मला ती हौशी लोकांच्या कॉयरमध्ये, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांच्या गटात भेटली. दर आठवड्याला तालीम, गप्पा जेमतेम. आवाज जुळवायचा असला की मुळात कुठल्या, हे कोणी विचारत नाही. एकदा आजारी पडून तालीम बुडाली. पुढच्या वेळी पाहिलं, तर शेजारच्या बाईंनी माझ्या प्रतीवर श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा पेन्सिलीने करून ठेवल्या होत्या. त्यांच्या घरी मी अजून गेलेली नाही.

हा देश आपला वाटतो का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण परवा तालमीला एक नवी मुलगी सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसली आणि मला चक्क राग आला.