आमची वाटचाल : बातमीकडून वंशावळीकडे

बातमीदारीत माझी 22 वर्षं गेली. त्या काळात गावच्या वेशीजवळच्या एका वीरगळाविषयी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेविषयी, लेख लिहिला आणि जाणत्यांनी सांगितलं तसं छापलं की गावची पाटीलकी पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्यात होती. आठवड्याभरात एक वयस्क गृहस्थ मोडी लिपीतल्या महजराची, म्हणजे गावसभेच्या जुन्या निवाडपत्राची, झेरॉक्स घेऊन कार्यालयात आले. "साहेब, निम्मी पाटीलकी आमच्याकडे होती. वाचा." मला ते वाचता येईना. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय बातमी द्यायची नाही हे मी नव्या पोरांना शिकवत होतो, आणि इथे दुसरी बाजू हातात असून मला एक अक्षर लागत नव्हतं. खुलासा छापला. त्याच महिन्यात मोडीच्या वर्गाला नाव घातलं.

मोडीची मुळाक्षरं महिन्याभरात येतात. वळणं वाचता यायला वर्षं लागतात. आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायचं, अशी ती लिपी. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवेकालीन कागदांच्या संग्रहात, रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडून बसलं की पहिले काही दिवस फक्त डोळे दुखतात. गोविंद सखाराम सरदेसाईंनी या दफ्तरातून निवडक कागदांचे 45 खंड काढले. तेवढं करूनही न छापलेलं केवढं उरलं आहे, हे तिथे बसल्यावरच कळतं.

नोकरी सोडली तेव्हा व्यवसाय करायचा असं ठरवलं नव्हतं. लोक कागद वाचून घ्यायला येत, मग कुळाची माहिती विचारत. एक मोडी वाचक सोबतीला आले. वंशवृक्षाची मांडणी करणारी एक तरुण सहकारी आली. आज आम्ही चौघं आहोत.

आमची सगळ्यात मोठी चूकही सांगायला हवी, कारण आमचं आजचं काम तिच्यावरच उभं आहे. एका घराण्याच्या वतनपत्राचा (वंशपरंपरागत हक्काच्या कागदाचा) कडेचा भाग वाळवीने खाल्लेला होता. सालाच्या जागी '…सैन मया व अलफ' एवढंच उरलं होतं. जुन्या मराठी कागदांत साल शुहूर सनात, म्हणजे अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहीत. त्यात 'मया व अलफ' म्हणजे शंभर आणि हजार, अर्थात अकराशे; खमसैन म्हणजे पन्नास आणि तिसैन म्हणजे नव्वद. आम्ही खमसैन धरलं. शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे कागद 1750च्या दशकातला ठरला. प्रत्यक्षात तो 1790च्या दशकातला होता. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. त्या चाळीस वर्षांत नेमके आजोबा जाऊन नातू कर्ता झाला होता, आणि आम्ही नातवाचं वतन आजोबांच्या नावावर मांडून छापील वंशावळ घरात पोचवली होती. चूक सापडली ती त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत, जिथे नातवाने स्वतःच्या हाताने बाप-आजा लिहिला होता. सगळ्या प्रती परत मागवून नव्या छापून दिल्या. त्या घरातल्या आजींनी जुनी प्रत मात्र दिली नाही. देवघरात ठेवली होती. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून नियम केला की दोन स्वतंत्र कागद मिळाल्याशिवाय बाप-लेकाची रेघ जोडायची नाही. जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं, शाळेचं जनरल रजिस्टर, वारसाचे फेरफार, तीर्थाच्या वह्या, जे मिळेल ते. एकच मिळाला तर रेघ तुटक. काहीच नसेल तर चौकट रिकामी.

2023 साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. आमच्याकडेही रांग लागली. बहुतेक जण प्रामाणिक गरजेपोटी आले होते. काहींना मात्र हवी ती नोंद निघेलच असं वचन पाहिजे होतं. ते आम्ही कुणालाच दिलं नाही. काही कामं गेली.

सध्या आमचा जास्त वेळ बायकांची नावं शोधण्यात जातो. जुन्या वंशावळीत बाप, लेक, नातू असतात, आई नसते. लग्नात नाव बदललेलं, माहेर पुसलेलं. पण दत्तकपत्रं आणि वतनाच्या तंट्यांतले निवाडे वाचले की विधवा स्वतःच्या नावाने उभी राहिलेली दिसते, हक्क मागताना. मागच्या महिन्यात अशाच एका निवाड्यात एका घराण्याची सहा पिढ्यांपूर्वीची सून सापडली. तिचं सासरचं नाव मिळालं, भावाचंही मिळालं. माहेरच्या गावाचं नाव शाई फुटल्यामुळे अर्धंच लागतं आहे. पहिलं अक्षर 'वा' आहे की 'ना', यावर आमचं अजून एकमत नाही. ती चौकट आम्ही रिकामी ठेवली आहे आणि दोन्ही अक्षरांच्या गावांची यादी करायला घेतली आहे.