काळी ट्यूब न उघडता

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि सगळ्यात आधी आपले चित्रकलेचे सर आठवले. शाळेने पुष्कळ दिलं, पण मी लिहिणार ते सरांबद्दलच.

एलिमेंटरी या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची तयारी सुरू झाली तेव्हा सरांनी आमच्या कॅम्लिनच्या जलरंगांच्या डब्यांतल्या काळ्या आणि पांढऱ्या ट्यूब काढून स्वतःच्या कपाटात ठेवल्या. म्हणाले, "पांढरा कागदातच आहे. काळा तुम्ही करायचा."

त्याचा अर्थ देवगिरी किल्ल्याच्या सहलीत उमगला. बाकीची पोरं अंधारी या काळोख्या भुयारी वाटेतून वर गेली, आम्ही काही जण बोर्ड घेऊन खंदकाशी बसलो. तो तासलेला कडा मला नुसता काळाकुट्ट दिसत होता. सर शेजारी येऊन बसले. "डोळे किलकिले कर. सावलीत कोणता रंग दिसतो?" निळा. "आणि उन्हाच्या अंगाला?" तपकिरी. त्यांनी कागद ओला केला, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना शेजारी शेजारी सोडले आणि ब्रश बाजूला ठेवला. रंग आपसूक एकमेकांत शिरले. निळा जास्त तिथे गार सावली, सिएना जास्त तिथे तापलेला दगड. घोटलं असतं तर चिखल झाला असता. काळ्या पाषाणाच्या आपल्या मुलखात राहून तो पाषाण पाहायला मला सरांनी शिकवलं.

आपल्याकडच्या उन्हात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, खाली पोचेस्तोवर वरचा वाळतो आणि मध्येच कड उमटते. म्हणून सर एप्रिलात आम्हाला भल्या सकाळी बोलवायचे, कागद दोनदा भिजवायला लावायचे, बोर्डाच्या वरच्या बाजूखाली डस्टर सरकवायचे. उतारामुळे रंग खालच्या कडेला साठतो, तोच पुढच्या फटकाऱ्यात ओढत न्यायचा. वर लावून झालेल्या रंगाला पुन्हा हात लावायचा नाही. टँकरच्या वर्षांत प्रत्येक जण घरून पाण्याची बाटली आणायचा. एक पेला ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा. उरलेलं गढूळ पाणी कडुलिंबाच्या आळ्यात.

चित्रकार सा. ल. हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्राबद्दल सर भरभरून बोलायचे. पुढे म्हैसूरला जगन्मोहन पॅलेसमध्ये ते चित्र पाहिलं. तेही जलरंगातलंच! हाताआडून चेहऱ्यावर पडलेला तो उजेड पाहताना सर सोबत हवे होते असं फार वाटलं.

आज छत्रपती संभाजीनगरात मी दर रविवारी मोठ्या माणसांना जलरंग शिकवतो. बँकेतले, दवाखान्यातले लोक येतात, पहिल्यांदाच ब्रश धरतात. महागडा संच आणू नका, पाच-सहा रंग आणि टोक नीट जुळणारा एक गोल ब्रश पुरे, पैसे कागदावर घाला, हे सरांचंच सांगतो.

चित्रकलेच्या खोलीत आता संगणक आलेत असं कळलं. ते हवेतच, पण चित्रकलेला तिची खोली परत मिळायला हवी. साधा ड्रॉइंग पेपर पाणी पडताच फुगतो, त्यावर ओलं काम जमत नाही. ग्रेड परीक्षेच्या सरावासाठी 300 जीएसएमचा जाड कागद मी दरवर्षी पाठवीन. मुख्याध्यापकांनी मुलांची संख्या तेवढी कळवावी.