आजीचं इरकल आणि रीपरचे रंग

आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग मी रात्री दहानंतर साफ करायला बसते. दिवसा नोकरी असते, आणि रात्री गल्ली निजलेली असली की जात्याची घरघर हेडफोनमध्ये नीट कळते. काम रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरवर चालतं. ध्वनीबद्दल माझी त्याच्याविषयी काहीच तक्रार नाही, पण तीन-तीन तास त्या राखाडी पडद्याकडे बघून डोळे चुरचुरायला लागायचे. ओव्या आजीच्या, मग पडदाही तिच्या लुगड्याच्या रंगाचा का नसावा, असं एका रात्री मनात आलं.

आजीकडं एक जुनं इरकल आहे. अंग निळसर काळं, काठ हिरवा, आणि पदर लाल, त्यावर पांढरी नक्षी. ज्यांनी इरकल जवळून पाहिलंय त्यांना माहीत असेल, पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फास घालून जोडतात. त्या जोडाजवळ बोट फिरवलं तर हाताला कळतं.

रीपरची थीम, म्हणजे पडद्याची रंगसंगती, मुळात एक साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडा, ओळीगणिक एक नाव आणि त्यापुढं एक आकडा. पार्श्वभूमीचा रंग, अक्षरांचा रंग, ट्रॅकमधल्या (आवाजाच्या पट्ट्यांमधल्या) रेघा, सगळं आकड्यांत. मजकूरच असल्यामुळं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला ती लिहायला काहीच कष्ट नाहीत. लुगड्याचा फोटो वाचून रंग काढायला पायथनची पिलो ही लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतली. फोटो मात्र सकाळी अंगणात काढला, कारण ट्यूबलाइटखाली लाल रंग मळका येत होता.

पहिल्यांदा सगळ्या फोटोची सरासरी काढली. हाती आला चिखलाचा रंग. मग पिलोमधली रंग कमी करण्याची सोय वापरली. तिची मूळ पद्धत पॉल हेकबर्ट यांनी १९८२ मध्ये मांडलेली. लाल, हिरवा, निळा या तीन बाजूंची एक पेटी कल्पायची, फोटोतला प्रत्येक ठिपका तिच्यात आपापल्या जागी ठेवायचा, आणि पेटी सगळ्यांत लांब बाजूवर अशी कापायची की दोन्हीकडं सारखेच ठिपके पडावेत. असं कापत कापत आठ घरं करायची आणि प्रत्येक घराचा एक रंग घ्यायचा. पद्धत सुंदर आहे, पण ती ठिपके मोजते. माझ्या आठ घरांपैकी पाच घरांत नुसत्या निळ्या-काळ्याच्या छटा आल्या, दोन लाल, एक भुरा. काठाचा हिरवा गायब! काठ तो केवढा, चार बोटं. मोजणीत त्याला घर मिळालंच नाही.

इथं मी दोन रात्री अडकले. घरं आठाची सोळा केली, चोवीस केली, तरी हिरवा यायचा तो निळ्यात मिसळलेला. शेवटी सरळ फोटोचेच तीन तुकडे केले: अंग, काठ, पदर. प्रत्येक तुकड्यातून वेगळे रंग काढले. लुगडं विणणाऱ्यानं कुठला रंग कशासाठी हे आधीच ठरवून ठेवलंय, ते संगणकाला मीच सांगायला हवं होतं. पायथनमध्ये चलांची (किंमत साठवायच्या खणांची) नावं देवनागरीत चालतात, त्यामुळं माझ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममध्ये, आता खरोखरच ‘अंग’, ‘काठ’, ‘पदर’ अशी नावं आहेत, आणि वाचताना मला फार बरं वाटतं.

थीम लावली आणि पदराचा लाल चक्क निळा दिसला. चूक आकड्यात होती. पदराचा लाल माझ्या फोटोत १५०, ३०, ४५ (लाल, हिरवा, निळा या क्रमानं) असा होता. मी लाल आकडा सगळ्यांत वरच्या जागी ठेवून ९८३८१२५ लिहिला होता. रीपरला उलट हवं असतं: लाल तसाच, हिरव्याला २५६ नं गुणायचं, निळ्याला ६५५३६ नं, आणि बेरीज. ती येते २९५६९५०. तेवढं बदललं आणि पदर लाल झाला.

तो लाल अक्षरांना द्यायचा मोह झाला होता, पण वाचता येईना. वेबसाठीच्या नियमांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान ४.५ असावं असं म्हटलंय. माझ्या काळ्या अंगावर (२८, ३०, ४८) लाल जेमतेम २ भरला. नक्षीचा जुनाट पांढरा (२२६, २१४, १९०) ११ च्या वर गेला. म्हणून अक्षरं नक्षीच्या रंगाची, आणि निवडलेल्या भागाला लाल. आता हे गुणोत्तर स्क्रिप्टच तपासते आणि कमी भरलं तर अक्षरं उजळ करते. आवाजाच्या मीटरला मात्र मी हात लावला नाही. आवाज फाटल्यावर तिथं उमटणारा लाल हा इशारा आहे, तो कुठल्याही लुगड्यात मिसळू नये.

बटणांनी फजिती केली. ती वेगळ्या फोल्डरमध्ये पीएनजी चित्रं असतात. सगळ्यांवर सरसकट रंग चढवला तर निम्मी वेडीवाकडी ताणली गेली. चित्र कुठं ताणायचं हे त्यांच्या कडेच्या एका ठिपक्याच्या गुलाबी रेघा सांगतात, आणि तो गुलाबी अचूक २५५, ०, २५५ असावा लागतो. माझ्या स्क्रिप्टनं त्याही रंगवल्या होत्या. आता ती गुलाबी आणि तशाच खुणेच्या पिवळ्या रेघा वगळून बाकीचंच रंगवते.

परवा लॅपटॉप आजीच्या मांडीवर ठेवला. तिचाच आवाज लावला होता, पण ती पडद्याकडंच बघत राहिली. मग बोट टेकवून म्हणाली, “ह्ये आंग, ह्यो पदर. आनि काठ कुठं गेला गं?”

खरंच, एवढा खटाटोप करून काढलेला हिरवा मी कुठंतरी मेनूच्या कोपऱ्यात टाकला होता. तिच्यासमोरच फाइल उघडली आणि दोन ट्रॅकमधल्या दुभाजक रेघेला ‘काठ’ दिला. आता तिची प्रत्येक ओवी वेगळ्या ट्रॅकवर आहे, आणि प्रत्येकीच्या खाली हिरवा काठ आहे.