एका धावेला एकच नाव

रविवार, 23 नोव्हेंबर

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू केली तेव्हाच ठरवले होते की, या हंगामातील मोठ्या पल्ल्याचे प्रत्येक धावणे कर्तव्यावर असताना प्राण गेलेल्या एखाद्या अग्निशामकाच्या किंवा पोलिसाच्या नावाने करायचे. न्यूयॉर्कमध्ये अशी प्रथा आहे, हे ठाऊक होते. स्टीफन सिलर हा तेथील अग्निशामक 11 सप्टेंबर 2001 रोजी सुट्टीवर असूनही परतला, वाहतुकीसाठी बंद झालेल्या बोगद्यातून पाठीवर सगळे सामान घेऊन जळत्या मनोऱ्यांकडे धावत गेला आणि परत आला नाही. त्याच्या स्मरणार्थ दर सप्टेंबरमध्ये हजारो लोक त्याच वाटेने धावतात. त्या दिवशी त्या शहराने 343 अग्निशामक गमावले, पण ती धाव एका माणसाच्या वाटेने जाते, आणि मला नेमके हेच पटले. सर्वांच्या नावाने धावायला निघालेला माणूस कोणाच्याच नावाने धावत नाही, असे माझे ठाम मत आहे. घरी पूजेचा संकल्प सोडताना गुरुजी नाव, गोत्र, तिथी आणि आपण उभे आहोत ते ठिकाण यांचा स्पष्ट उच्चार करून घेतात, त्याखेरीज पुढचे काही सुरू होत नाही. धावण्यासाठीही मी तोच नियम ठेवला आहे. एक व्यक्ती, तिचे पूर्ण नाव, आणि शक्य असेल तर तिच्या अखेरच्या कामगिरीचे ठिकाण.

आजचे नाव सुनील नेसरीकर यांचे होते. ते मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख अधिकारी होते. 9 मे 2015 रोजी, शनिवारी संध्याकाळी, काळबादेवीतील जुन्या हनुमान गल्लीत गोकुळ निवास या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर पडू शकले. आग विझवण्याचे काम चालू असतानाच इमारतीचा भाग कोसळला आणि संजय राणे व महेंद्र देसाई हे दोन अधिकारी जागीच गेले. भाजलेल्या अवस्थेत उपचार सुरू असताना आधी उपप्रमुख सुधीर अमीन आणि नंतर, त्याच महिन्यात, स्वतः नेसरीकर यांनी प्राण सोडले. एका आगीत दलाचे चार अधिकारी गेले, आणि त्यांत प्रमुख होता आणि त्याचा उपप्रमुखही होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. या हुद्द्याच्या माणसाने रस्त्यावर उभे राहून वायरलेसवरून सूचना दिल्या असत्या तरी कोणी त्याला बोल लावला नसता. ते आपल्या माणसांबरोबर धोक्याच्या टप्प्यात उभे होते, यातच त्यांनी नेतृत्व कशाला मानले ते दिसते.

भायखळ्यापासून सुरुवात केली, कारण दलाचे मुख्यालय तेथे आहे आणि बंब तेथूनही निघतात. जे. जे. उड्डाणपुलाखालून, मोहम्मद अली मार्गाने क्रॉफर्ड मार्केट, आणि तेथून उजवीकडे काळबादेवी. पहाटे या वाटेवर पाय मोकळे पडतात. संध्याकाळी तेथूनच बंब न्यायचा असेल तर काय होत असेल, याची कल्पना धावतानाच येते. जुन्या हनुमान गल्लीत शिरल्यावर मला धावणे थांबवून चालावे लागले. दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या, एक हातगाडी दांड्या वर करून भिंतीला टेकवलेली, डोक्यावर तारांची जाळी, आणि जुन्या घरांचे लाकडी सज्जे इतके पुढे आलेले की मधली आकाशाची पट्टी फारच अरुंद दिसते. एका ठिकाणी दोन स्कूटरच्या आरशांमधून मी अंग आडवे करून पुढे सरकले. माझ्या अंगावर बनियन आणि पाण्याची छोटी बाटली, एवढेच होते. वीस किलोच्या आसपास वजनाचा पोशाख आणि श्वसनसंच घातलेल्या माणसाने, पाण्याने भरून जड झालेला होज ओढत, धुरात या जागेतून जायचे असते. गाड्या लावणाऱ्यांवर राग काढण्यासाठी हे लिहीत नाही. जुन्या वस्तीत जागाच नाही, हे मलाही कळते. तरीही आगीच्या वेळी गल्लीत गाडी शिरावी एवढी वाट मोकळी राखणे ही त्या चार माणसांना वाहायची पहिली श्रद्धांजली आहे, आणि तिच्यासाठी धावावेही लागत नाही.

परतताना मरीन ड्राइव्हवरून आले. वेग फारसा जमला नाही आणि त्याची खंतही वाटली नाही. अशा दिवशी मी वेळेचे उद्दिष्ट ठेवत नाही, कारण उद्दिष्ट ठेवले की मन नावापाशी थांबत नाही.

बुधवार, 26 नोव्हेंबर

आज तारीखच अशी होती की रविवारपर्यंत थांबणे शक्य नव्हते. कामावर जाण्याआधी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गिरगाव चौपाटीपर्यंत धावले. नाव तुकाराम ओंबळे.

जावळी तालुक्यातील केडंबे गावचा हा माणूस आधी सैन्यात होता आणि नंतर मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक झाला. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, म्हणजे खरे तर मध्यरात्र उलटून गेल्यावर, चौपाटीजवळच्या नाकाबंदीत पळवलेली मोटार अडवली गेली आणि ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी आपल्या हातांनी धरून ठेवली. त्यांच्याकडे काठी होती. गोळ्या त्यांच्या अंगात शिरल्या, पण पकड सुटली नाही, आणि त्यामुळे सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडता आले. 2009 च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला अभ्यासकांनी 2021 मध्ये 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले, हे वाचले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता. एखाद्या माणसाच्या धैर्याची नोंद जीवशास्त्राच्या यादीत व्हावी, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

टर्मिनसवरून निघताना शशांक शिंदे यांची आठवण झाल्याखेरीज राहिली नाही. लोहमार्ग पोलिसांचे हे वरिष्ठ निरीक्षक त्याच स्थानकात मारले गेले. करकरे, कामटे आणि साळसकर ही नावे शहराने पाठ केली आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या रात्री पडलेल्या शिपायांची नावे विचारली तर बहुतेक लोक गप्प होतात. एका धावेला एकच नाव हा माझा नियम असल्यामुळे आज शिंदे यांच्यासाठी निराळी धाव राखून ठेवली, आणि एकेका शिपायासाठीही ठेवणार आहे. मोठ्या नावांच्या सावलीत उरलेल्यांसाठी हा नियम अधिक महत्त्वाचा आहे, असे आता वाटू लागले आहे.

चौपाटीवर ओंबळे यांच्या पुतळ्यापाशी थांबले. आज तेथे फुले होती, माणसे होती, गणवेशातील पोलीसही होते. उद्या यांपैकी फारसे काही नसेल, म्हणून उद्याही फेरी तिकडूनच करीन.

रविवार, 30 नोव्हेंबर

आमच्या भागातील अग्निशमन केंद्रावरून मी नेहमी जाते. सकाळी तेथे बंब धुण्याचे काम चालू असते आणि वापरलेले होज सुकण्यासाठी उंच टांगलेले असतात. खाली ओघळणाऱ्या पाण्याचा पट्टा फुटपाथवर येतो आणि तो ओलांडूनच पुढे जावे लागते. गेल्या आठवड्यात दारात उभ्या असलेल्या एका जवानाने विचारले, "ताई, मॅरेथॉनची तयारी का?" मी हो म्हटले, आणि मग थोडे अडखळत, कोणाच्या नावाने धावते तेही सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "चांगलं करताय. पण आमचं काम सपाटीवर नसतं, ताई. जिने चढा."

आजची धाव म्हणूनच जिन्यावर झाली. 18 जुलै 2014 रोजी अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या उंच, काचेच्या इमारतीत वरच्या मजल्याला आग लागली आणि अग्निशमन दलाच्या एका तरुण जवानाने तेथे प्राण गमावले. आजचा दिवस त्याचा. मोठ्या आगीत लिफ्टवर विसंबता येत नाही. वर अडकलेल्यांपर्यंत पोचायचे तर बहुधा पायांनीच जावे लागते, आणि वर पोचल्यावर खरे काम सुरू होते. शिवाय काचेच्या बंद इमारतीत धूर बाहेर पडायला वाट नसते. तो मजल्यावर साठत जातो, आणि काही मिनिटांत हाताने चाचपडत पुढे जाण्याची वेळ येते. पाठीवरच्या हवेच्या टाकीलाही मर्यादा असते. चढताना धाप लागली की ती हवा लवकर संपते, त्यामुळे अग्निशामकाला चढाईसाठी लागणारा दम आणि आत टिकून राहण्यासाठी लागणारा दम एकाच साठ्यातून पुरवावा लागतो.

हे सगळे वाचलेले होते. पाठीवर पुस्तकांनी भरलेली पिशवी घेऊन आमच्या इमारतीचा जिना वरपर्यंत चढून उतरले, पुन्हा चढले, आणि मांड्या थरथरू लागल्यावर कठड्याला धरून उभी राहिले, तेव्हा ते शरीराला कळले. जिन्यात हवा स्वच्छ होती, दिवे चालू होते, आणि मला कोणाला शोधायचे नव्हते. शेजारच्या काकूंनी दार उघडून पाणी दिले. त्यांना कारण सांगितल्यावर त्यांनी त्या जवानाचे वय विचारले, आणि मी फक्त 'तरुण होता' असे म्हटल्यावर त्या बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या.

मंगळवार, 2 डिसेंबर

धावण्याच्या गटातील एका मैत्रिणीने काल सरळ विचारले की, यातून त्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना काय मिळते. प्रश्न रास्त आहे. त्यांना माझ्या धावण्याने काहीही मिळत नाही, आणि मिळते असे मी स्वतःला सांगू इच्छित नाही. मला मात्र दोन-अडीच तास एका माणसाच्या कामाचा विचार करता येतो, जो एरवी बातमी वाचून दोन मिनिटांत संपला असता. त्यातून मग काही कामे निघतात. सोसायटीच्या बैठकीत मी जिन्यातील कपाटे आणि सायकली हलवण्याचा विषय काढला आहे, आग विझवण्याच्या नळकांड्यांची मुदत तपासून घ्यावी असे लेखी दिले आहे, आणि फाटकासमोर बंबासाठी जागा रिकामी ठेवण्याबाबत ठराव मांडणार आहे. विरोध होईल, कारण तेथे तीन गाड्या उभ्या राहतात. तरी मांडणार आहे. मैत्रिणीला हे सांगितल्यावर तीही येत्या रविवारी बरोबर येते म्हणाली.

येत्या रविवारी गोदी. 14 एप्रिल 1944, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजावर सुमारे 1400 टन स्फोटके होती आणि कापसाच्या गासड्याही होत्या. दुपारी आग दिसली, अग्निशामक पाणी मारत राहिले, आणि चारनंतर जहाज फुटले. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. देशभर 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठीच. गोदीच्या आत जाता येणार नाही, त्यामुळे पी. डिमेलो मार्गाने भिंतीच्या बाहेरून धावायचे ठरवले आहे.

एका धावेला एकच नाव, या नियमाने 66 जणांसाठी हा हंगाम पुरणार नाही. पुढचाही पुरणार नाही. त्यांची नावे पदांसह वहीत उतरवून घ्यायची आहेत, म्हणून उद्या संध्याकाळी भायखळ्याला मुख्यालयात जाऊन विचारणार आहे. यादी मिळाली की पहिल्या नावापासून सुरुवात करीन आणि मॅरेथॉन झाल्यावरही रविवार चालू ठेवीन.