शनिवारची प्रदक्षिणा

शनिवार, रात्र. पायाचे तळवे अजून ठणकतायत, बूट बाहेर पेपरवर उलटे टाकलेत, तरी लिहून ठेवते नाहीतर विसरेन.

सकाळी मँचेस्टरहून ट्रेनने न्यू मिल्स. आम्ही दोघंच, डब्यात थेपले आणि लसणाची चटणी. तिथून सेट व्हॅली ट्रेल, म्हणजे पूर्वीची हेफील्डला जाणारी रेल्वे, 1868 ची, 1970 मध्ये बंद झाली, रूळ उचलले आणि आता त्यावरून सायकली, कुत्री आणि आमच्यासारखे. रस्ता इतका सपाट की गप्पा मारता मारता हेफील्ड आलं पण.

हेफील्डबद्दल वाचलं होतं. 24 एप्रिल 1932 ला इथून सुमारे 400 लोक किंडर स्काउट या डोंगरावर मुद्दाम बेकायदा चढले. डोंगर जमीनदारांचे, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले, आणि गिरणी-कारखान्यात आठवडाभर राबणाऱ्यांना रविवारीसुद्धा तिथे पाय ठेवायची बंदी. पाच जण तुरुंगात गेले. आज मी फाटक ढकललं, कडी परत लावली आणि पुढे, कोणी विचारलं पण नाही.

मग चिनली चर्न टेकडीचा चढ. मूर म्हणजे साधारण आपल्या कोकणातल्या सड्यासारखं उघडंबोडकं, फक्त सड्यावर खाली कातळ असतो आणि इथे ओला काळा पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची भुसभुशीत माती, वरून गवत छान तपकिरी कोरडं दिसतं आणि मी विश्वास ठेवला आणि उजवा पाय घोट्याच्या वर आत! काढताना बूट आतच राहतोय की काय असं वाटलं. नवरा हसत होता, पाच मिनिटांनी तोही गेला, जास्त खोल. वारा असा की थेपला हातातून उडाला असता. समोर किंडरचं लांबच लांब सपाट डोकं ढगात.

खाली बक्सवर्थ. गावाचं मूळ नाव बग्सवर्थ, पण बग म्हणजे ढेकूण, लोकांना लाज वाटायची म्हणून नाव बदललं. कॅनॉलच्या धक्क्याला मात्र जुनंच नाव राहिलंय, बग्सवर्थ बेसिन. तिथे दगडी ठोकळे आहेत, मधे गोल भोकं, त्यात खिळे ठोकून ट्रामचे लोखंडी रूळ बसवायचे. मी एका भोकात बोट घातलं, आत पावसाचं पाणी आणि एक गोगलगाय. डव्ह होल्सच्या खाणींतून चुनखडी भरलेले डबे उताराने आपोआप खाली यायचे आणि रिकामे डबे घोडे वर ओढून न्यायचे. ही सगळी खटपट दगडांसाठी, आणि दोनशे वर्षांनी त्याचा फायदा माझ्या गुडघ्यांना! इथून न्यू मिल्सपर्यंत कॅनॉलवर एकही लॉक (बोटी वर-खाली चढवायची पाण्याची दारं) नाही, पाणी सपाट म्हणून वाटही सपाट. मधे एका बोटीच्या धुराड्यातून लाकडाचा धूर, पुढे न्यू मिल्सला एकदम गोड गोड वास, तिथे लव्ह हार्ट्सच्या गोळ्यांची फॅक्टरी आहे.

ट्रेनमध्ये आईचा फोन. एकूण पंधरा-सोळा किलोमीटर चाललो आणि परत त्याच स्टेशनला आलो म्हटलं तर म्हणे, "अगं म्हणजे प्रदक्षिणाच की! पण मधे देव कुठला?"

मी म्हटलं, मेंढरं होती.